सावर नावाचं बटण

आमच्या घरी पाहुणे आले की माझा नवरा श्रीकांत माझी ओळख करून देतो, "ही गाण्यांची चित्रं काढते." पाहुणे भिंतीकडे बघतात. भिंतीवर कॅलेंडर आणि घड्याळ, बाकी काही नाही. मग मी लॅपटॉप उघडते, वायरी काढते, पाहुण्यांपैकी कुणाला तरी एक सूर धरायला लावते आणि सगळ्यांचा चहा निवतो. श्रीकांत म्हणतो, हिच्या पायाला भिंगरी आहे. पायाला नाही, बोटांना आहे. बसल्या जागी मी टेबलावर वर्तुळं गिरवत असते. कॉलेजात गणित शिकवायचे तेव्हाही तोंड एका उदाहरणावर आणि खडू पुढच्या उदाहरणावर, अशी माझी तऱ्हा होती. मुली बिचाऱ्या दोन्हीकडे बघत बसायच्या.

आधी धंदा समजावून सांगते. पडद्यावर एक ठिपका आहे असं समजा. एक आवाज त्याला डावी-उजवीकडे हलवतो, दुसरा आवाज वर-खाली. दोन्ही आवाज एकदम सुरू झाले की ठिपका दोघांचं ऐकता ऐकता एक वळणदार रेघ काढत जातो. दोघांचं नातं साधं असेल, म्हणजे षड्जाची दोन कंपनं होईपर्यंत पंचमाची बरोबर तीन, तर ठिपका फिरून पुन्हा आपल्याच रेघेवर येतो आणि पडद्यावर एक सुबक वेटोळं शांत उभं राहतं. नातं केसभर जरी हुकलं तरी ठिपका दर फेरीला थोडा बाजूला पडतो आणि अख्खी आकृती कूस बदलल्यासारखी हळूहळू फिरायला लागते. उभी राहिली तर सूर खरा, फिरली तर खोटा. याखेरीज पाकळ्यांचं थोडं गणित आहे, ते पुढे येईल. घाबरू नका.

हे वेड मला लावलं कॉलेजच्या प्रयोगशाळेने भंगारात काढलेल्या एका ऑसिलोस्कोपने. त्याच्या वाटोळ्या काचेवर हिरवी रेघ नाचायची. ते यंत्र आता आमच्या माळ्यावर आहे. हल्ली सगळं लॅपटॉपवर चालतं, मीच लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये. काम मी फक्त नव्या रचनांसाठी करते. जुन्या गाण्याचं चित्र ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत आधीच असतं, तिथे माझी लुडबूड कशाला?

प्रोग्रॅममधली बटणं मराठीत आहेत. 'गाळ' दाबलं की आवाजातली इतर झणझण गाळली जाऊन मूळ सूर तेवढा राहतो. 'फुलव' दाबलं की फूल उमलतं. लग्न होऊन बंगालात, डमडमला आले त्याला छत्तीस वर्षं झाली. इथे माझ्या वसुधाचं बोशुधा झालं, आणि घराबाहेर माझं मराठी कुणाच्या उपयोगी पडलं नाही. म्हटलं, निदान बटणांच्या तरी पडावं. शिवाय एक फायदा आहे. परका माणूस माझ्या लॅपटॉपला हात लावायला धजत नाही.

'सावर' हे बटण मात्र मूळच्या आराखड्यात नव्हतं. ते आलं सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमधून. तिथल्या एका कंपनीच्या वार्षिक समारंभासाठी कर्मचाऱ्यांनी स्वतः एक कंपनी-गीत रचलं होतं, साथीला कीबोर्ड. आता कीबोर्डातला पंचम मुळातच किंचित उतरलेला ठेवतात, म्हणजे सगळ्या पट्ट्यांत थोडं थोडं चालून जातं. कानाला ते कळत नाही. माझ्या ठिपक्याला कळतं. तालमीच्या दिवशी पडद्यावर आकृती गरागरा फिरत राहिली. मुख्य साहेब पुढच्या रांगेत बसले होते. त्यांनी मला बोलावून विचारलं, "मॅडम, ये घूम क्यों रहा है? हमारी कंपनी तो स्टेबल है."

मी त्यांना पंचमाचं गणित सांगायला लागले. त्यांनी घड्याळ बघितलं. घरी येऊन मी चार ओळी लिहिल्या: सूर साध्या नात्याच्या आसपास आला की प्रोग्रॅमने खरी आकृती बाजूला ठेवायची आणि जवळची आदर्श आकृती काढायची. बटणाला नाव दिलं 'सावर'. कंपनी स्थिर झाली, साहेबांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या दिवसापासून कीबोर्डवाल्या प्रत्येक कार्यक्रमात मी ते बटण न लाजता दाबत आले. आमच्या कामात सगळेच दाबतात, फक्त त्यांच्या बटणाला नाव नसतं.

आता रेबादींकडे येते. इतका वेळ टाळत होते, हे माझं मला कळतंय.

रेबादी बेहालाला राहतात, एसराज वाजवतात. एसराज म्हणजे आपल्याकडच्या दिलरुब्याचा बंगाली भाऊ: सतारीसारखे पडदे, पण वाजवायचा गजाने. वय चौऱ्याहत्तर. जन्मभर त्यांनी मोठमोठ्या गवयांच्या मागे बसून साथ केली. स्वतःच्या नावाची रचना एकही नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी ती केली, गंगेच्या भरती-ओहोटीवर, पाऊण तासाची. सोबत फक्त तबला आणि तानपुऱ्याचं यंत्र. आणि पडद्यावर मी.

पहिल्याच भेटीत घोटाळ्याला सुरुवात झाली. बंगालीत पाकळीला 'पापडी' म्हणतात, त्यामुळे त्या "पापडी, पापडी" म्हणू लागल्या तेव्हा मला आधी वाटलं, काहीतरी खायला येतंय. मग कळलं की बाईंना पडद्यावर फूल हवंय, आणि ते समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, उमलायला हवंय. मी वहीत मराठीत टिपून घेतलं: 'फूल – सम.' पुढे महिनाभर दुसरी कामं निघाली. वही उघडली तेव्हा माझ्यातली गणिताची बाई जागी होती, गाण्यातली झोपलेली. तिने वाचलं, सम म्हणजे सम संख्या. या फुलांचा एक गमतीचा नियम आहे. समीकरणात विषम आकडा घातला तर तितक्याच पाकळ्या येतात, सम घातला तर दुप्पट. मी चार घातले, आठ पाकळ्यांचं देखणं फूल तयार झालं आणि मी ते ऐटीत बेहालाला घेऊन गेले.

रेबादींनी चष्मा पुसून पाकळ्या मोजल्या. "ताल माझा सात मात्रांचा," त्या बंगालीत म्हणाल्या. "ही आठवी पापडी कुठून आली? तुझ्या सासरहून?"

तबल्यावरचे तपनदा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी वही दाखवली, सम म्हणजे काय नि सम म्हणजे काय ते सांगितलं. रेबादींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तू लिहितेस एक आणि वाचतेस दुसरं. बरं झालं, आधीच कळलं." मग मुढी, म्हणजे आपले चुरमुरे, आणि गरम तळलेले चॉप आले. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

रचनेचा शेवट त्यांनी असा योजला होता: तबला थांबतो, ओहोटी सरते, आणि रेबादी तानपुऱ्यावर एकटा पंचम धरतात. दोन मिनिटं. पडद्यावर ती एकच आकृती, दुसरं काही नाही. पडदा त्यांच्या पाठीमागे, म्हणजे त्यांना ती दिसणार नाही, सगळ्या सभागृहाला दिसणार. मी म्हटलं, रेबादी, दोन मिनिटं फार होतात हो. सूर जरा हलला तरी सगळ्यांना दिसेल. त्या म्हणाल्या, "दिसू दे की. पन्नास वर्षं मी दुसऱ्याच्या आवाजामागे लपले. आता काय लपायचं?"

त्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून एक वचन घेतलं. त्यांच्या आईचे कान म्हातारपणी फसवायला लागले होते. सूर चढा लागायचा आणि तिला तो बरोबर वाटायचा. घरात कुणी बोललं नाही, बाहेर लोक हसले. "माझंही होणार," रेबादी म्हणाल्या. "मला ते कळणार नाही. तुझ्या ठिपक्याला कळेल. ज्या दिवशी आकृती उभी राहणार नाही त्या दिवशी मला सांगायचं. मी एसराजला खोळ घालीन. रडणार नाही."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं!

मग दर गुरुवारी दुपारी मी डमडमहून मेट्रोने टॉलीगंजला, तिथून ऑटोने बेहालाला. रेबादी खिडकीकडे तोंड करून वाजवत, मी त्यांच्या मागे लॅपटॉप घेऊन बसे. शेवटचा पंचम लागला की त्या डोळे मिटून विचारत, "दाँडियेछे?" उभी राहिली का? मी म्हणे, "दाँडियेछे." आणि खरंच उभी असे. अगदी दगडासारखी नाही. गजाचा हात माणसाचा असतो, त्यामुळे रेघ जागच्या जागी थोडी थरथरे, झोपलेल्या मुलाचं पोट हलतं तशी. पण उभी. पहिल्या महिन्यात एकदा मी लॅपटॉप वळवून ती त्यांना दाखवलीही. सहा महिने ती दर गुरुवारी उभी राहिली.

कार्यक्रमाला तीन आठवडे राहिले होते. त्या गुरुवारी आकृती फिरली.

हळू, पण फिरली. आणि एकाच दिशेने. मला आधी वायरीचा संशय आला. वायर बदलली, तानपुऱ्याचं यंत्र बदललं, हवेत दमटपणा आहे म्हणून तारा पुन्हा लावायला सांगितल्या. पुढच्या गुरुवारी श्रीकांतचा लॅपटॉप नेला. त्यावरही तेच. पंचम केसभर चढा, दर वेळी तेवढाच चढा. हात चुकला असता तर कधी चढा, कधी उतरा लागला असता. हा कानच होता.

"दाँडियेछे?" रेबादींनी विचारलं.

माझं बोट टेबलावर वर्तुळं काढत होतं. मी म्हटलं, "दाँडियेछे."

जिना उतरताना तपनदांनी मला गाठलं. गेली वीस वर्षं ते रेबादींबरोबर वाजवतात. हलक्या आवाजात म्हणाले, "पोंचमटा एकटु चोडा, ना बौदि?" पंचम थोडा चढा लागतोय ना, वहिनी? मी मान हलवली. ते म्हणाले, "नका सांगू. पत्रिका गेल्यात. नंतर बघू." तपनदांनी सांगितलं म्हणून मी गप्प बसले असं मला म्हणता आलं असतं, पण ते खोटं आहे. मी त्यांच्या आधीच खोटं बोलून बसले होते.

ते तीन आठवडे मी घरात नुसती येरझारा घालत होते. भाजी चिरायला बसायचे आणि उठून लॅपटॉप उघडायचे. टॉलीगंजच्या आधीच एका स्टेशनवर उतरायचे, फलाटावर दोन चकरा मारायचे, पुढची गाडी पकडायचे. आज सांगते, आज सांगते, असं घोकत जायचे आणि चॉप खाऊन परत यायचे. श्रीकांतने विचारलं, "सांगितलंस?" मी त्याच्यावर खेकसले, "तू सांग ना मग!" तो म्हणाला, "मला कुठे वचन मागितलं होतं?"

स्वतःला मी कारण देत होते की पन्नास वर्षांनी बाई पुढे येऊन बसतेय, तिला कसं उठवायचं? हे खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं लिहिताना लाज वाटते. ती दोन मिनिटं माझीही होती. इतक्या वर्षांच्या कंपनी-गीतांनंतर पहिल्यांदा भरल्या सभागृहात फक्त माझी आकृती असणार होती, आणि मला ती उभी हवी होती.

कार्यक्रम रविवारी सकाळी झाला. सभागृह छोटं, पण भरलेलं. भरती चढली, ओहोटी लागली, सात पाकळ्या बरोबर समेवर उमलल्या. तबला थांबला. रेबादींनी पंचम धरला. पडद्यावर आकृती उभी राहते न राहते तोच डावीकडे कलायला लागली, आणि मी 'सावर' दाबलं.

ती जागच्या जागी थांबली. दोन मिनिटं हलली नाही. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. रेबादी मागे वळून माझ्याकडे बघून हसल्या, आणि मी वायरी गुंडाळायला लागले. आवरायची एवढी घाई मी कधीच केली नव्हती.

दहा दिवसांनी कुणीतरी कार्यक्रमाचं चित्रीकरण पाठवलं. रेबादींनी मला बोलावून घेतलं, दोघींनी मिळून बघू म्हणाल्या. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. स्वतःची रचना त्या पहिल्यांदाच समोरून बघत होत्या. चहाचा कप हातात, मान डोलत होती. शेवटचा पंचम लागला. त्यांनी कप खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दोन मिनिटं संपली तशी म्हणाल्या, "परत लाव."

मी परत लावलं.

"एटा आमि ना," त्या म्हणाल्या. ही मी नाही.

मी म्हटलं, रेबादी, तुम्हीच आहात, असं काय करता?

"तू मला पहिल्या महिन्यात दाखवली होतीस ती श्वास घेत होती," त्या म्हणाल्या. "ही मेलेली आहे. माझा हात इतका स्थिर नाही, कुणाचाच नसतो. काय केलंस?"

कान फसले होते, पण बाईंचे डोळे शाबूत होते, हे मी गृहीतच धरलं नव्हतं. मी प्रोग्रॅम उघडला आणि बटण दाखवलं. त्यांना देवनागरी वाचता येते. त्यांनी बोट ठेवून अक्षरं लावली, "शा-बो-र. माने?" अर्थ काय?

मी सांगायला लागले. सावर म्हणजे पडणाऱ्याला धरणं. तोल जात असेल तर तोल राखणं. आणि, म्हटलं, मराठीत सावरून घेणं म्हणजे कुणाची चूक झाकून नेणं, चारचौघांत त्याची अब्रू राखणं.

"शामले नियेछो," रेबादी म्हणाल्या. बंगालीतही नेमका तसाच शब्द आहे. सांभाळून घेतलंस. त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "कधीपासून?"

"तीन आठवडे आधीपासून."

"तेव्हा तू दाँडियेछे म्हणालीस."

"हो."

त्या खिडकीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आईला सगळ्यांनी असंच सांभाळून घेतलं होतं. म्हणून तर तुला सांगितलं, बाहेरची म्हणून, गणिताची म्हणून. सुरात नव्हते तर नव्हते. तेवढं तरी माझं होतं, बोशुधा. तेही तू तुझं करून टाकलंस." मला रडू आलं. त्यांनी थांबवलं नाही, चहाही विचारला नाही. मी लॅपटॉप उचलून निघाले.

त्यानंतर महिनाभर गुरुवार आला की मी घरातली कपाटं आवरत बसायचे. डमडमच्या एका फ्लॅटमध्ये आवरून आवरून कपाटं ती किती आवरायची! बटण पुसून टाकायला तीनदा बसले आणि तिन्ही वेळा उठले. बटणाचा काय दोष? ते दाबल्याशिवाय चालत नाही.

मग तपनदांचा फोन आला. रेबादी पुन्हा वाजवणार आहेत, घरीच, रविवारी सकाळी. तीच रचना, गल्लीतल्या क्लबातून आणलेल्या पंधरा खुर्च्या, आणि मशीन घेऊन बौदींना बोलवा म्हणून निरोप आहे.

मी गेले. रेबादींनी मला फक्त जागा दाखवली. पांढरी चादर भिंतीला लावली होती, त्या तिच्याकडे पाठ करून बसल्या, पहिल्या वेळेसारख्याच. शेजारीपाजारी होते, दोन-तीन जुने साथीदार होते. फूल समेवर उमललं. ओहोटी लागली, तबला थांबला, त्यांनी पंचम धरला.

आकृती फिरायला लागली. चादरीच्या सुरकुत्यांवरून ती डावीकडे वळत होती, थरथरत होती, आणि पंधरा माणसं तिच्याकडे बघत होती. माझं बोट आपसूक 'सावर'वर जाऊन बसलं होतं. पाचच सेकंद दाबलं असतं तरी कुणाला कळलं नसतं.

गज न थांबवता, डोळे मिटून रेबादींनी मोठ्याने विचारलं, "दाँडियेछे?"

खुर्च्यांवरच्या माना माझ्याकडे वळल्या. मी बोट बटणावरून उचललं.

"ना, रेबादी," मी म्हटलं. "घुरछे." फिरतेय.

त्यांनी मान हलवली आणि वाजवत राहिल्या. पुरी दोन मिनिटं. मग गज खाली ठेवून मागे वळल्या, चष्मा सारखा करून चादरीकडे पाहिलं. तारेतला उरलासुरला सूर अजून थोडा रेंगाळत होता, त्यावर ती आकृती शेवटची कूस बदलत विझत होती.

"एटा आमि," त्या लोकांना म्हणाल्या. मग त्यांनी खोळ मागितली. ती मी त्यांना नेऊन दिली.